कार्गो टर्मिनल आज छोटं बांधा, पण एक भिंत काढता येईल अशी ठेवा

आपल्याकडे गावात घर बांधताना एक गोष्ट सगळेच करतात. स्लॅब पडला तरी कॉलमच्या सळया दोन-तीन फूट वर काढून ठेवायच्या. आज पैसा एका मजल्यापुरताच आहे, पण उद्या पोराचं लग्न झालं की वरचा मजला चढवायचा. सळया गंजतात, पाहुणे हसतात, तरी कुणी त्या कापून टाकत नाही.

विमानतळावरचं मालाचं गोदाम, म्हणजे कार्गो टर्मिनल, बांधायची खरी युक्ती हीच आहे. फक्त इथे सळया वर नाही, आडव्या काढायच्या असतात. चिकलठाणा विमानतळाचा विस्तार, शेंद्रा-बिडकीनचे कारखाने, केसर आंब्याची निर्यात असे विषय निघाले की "आपल्याकडे मोठं कार्गो टर्मिनल झालं पाहिजे" असं भाषणात हमखास येतं. मोठं म्हणजे किती, आणि आजच मोठं कशाला, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा विषय जरा उलगडून बघू.

विमानात माल जातो तरी कसा

विमानाने माल दोन प्रकारे जातो. पहिला, प्रवासी विमानाच्या पोटातून. वर माणसं बसलेली असतात, खाली त्यांच्या बॅगा, आणि बॅगा भरून उरलेल्या जागेत माल. एअरबस ए३२० सारख्या विमानात अशी साधारण दोन-तीन टनांची सोय होते. म्हणजे दोन पिकअप गाड्यांचा माल. दुसरा प्रकार म्हणजे फक्त मालाचं विमान, त्याला फ्रेटर म्हणतात. ए३२१ जातीचं फ्रेटर सुमारे २७ टन उचलतं. बोइंग ७७७ चं फ्रेटर १०० टनांच्या आसपास. एका विमानात दहा ट्रक.

या दोन प्रकारांसाठी लागणारं गोदाम वेगळं असतं. पोटातून जाणारा माल सुटा चढवता येतो. खोकी मोजायची, वजनकाट्यावर घ्यायची, एक्स-रे मशिनमधून काढायची, ट्रॉलीवर टाकायची, झालं. फ्रेटरचा माल मात्र ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर, म्हणजे पॅलेटवर रचून, वरून जाळी आवळून बांधावा लागतो. सगळ्यात जास्त वापरातलं पॅलेट ३.१८ मीटर लांब आणि २.४४ मीटर रुंद असतं, आणि भरल्यावर त्याचं वजन ६,८०० किलोपर्यंत जाऊ शकतं. ते माणसांनी ढकलायचं काम नाही. त्याला खाली रोलर लागतात, आणि रोलरखाली दणकट कोबा. साधं फरशीचं गोदाम तिथे दोन वर्षांत खचेल.

म्हणजे आज आपल्याकडे पोटातला माल जास्त असला तरी कोबा टाकताना उद्याच्या पॅलेटचा विचार करावाच लागतो. कोबा नंतर जाड करता येत नाही. छत नंतर वाढवता येतं, भिंत सरकवता येते, कोबा मात्र उखडावाच लागतो, आणि तो उखडेपर्यंत गोदाम बंद.

किती गुंठे लागतील? हिशोब आपणच करू

जागतिक विमान कंपन्यांची संघटना आयाटा हिने यासाठी एक ढोबळ माप दिलेलं आहे. बहुतेक काम माणसांनी आणि फोर्कलिफ्टने होत असेल, तर गोदामाच्या एका चौरस मीटरमधून वर्षाला ५ टन माल निघतो. मध्यम यंत्रं बसवली तर १० टन. पूर्ण स्वयंचलित असेल तर १७ टन.

आता समजा आपल्याला वर्षाला १०,००० टन मालासाठी बांधायचंय. माणसांच्या पद्धतीने भागिले ५, म्हणजे २,००० चौरस मीटर. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा, म्हणजे झाले जेमतेम २० गुंठे. अर्धा एकर! पुढे माल पाचपट झाला, ५०,००० टन झाला, आणि तोवर आपण मध्यम यंत्रं बसवली, तर ५,००० चौरस मीटर. म्हणजे ५० गुंठे, सव्वा एकर. माल पाचपट, पण जागा अडीचपटच.

हा हिशोब दोन कारणांसाठी लक्षात ठेवावा. एक, गोदामाच्या इमारतीला फार जमीन लागत नाही. जमीन खाते ती विमान उभं करायची जागा आणि ट्रकचं मैदान. दोन, यंत्रं उद्या बसवायची असतील तर उंची आजच ठेवावी लागते. पॅलेट एकावर एक मजल्यांसारखी ठेवायची रॅक पुढे लावायची, तर बुटकं शेड कामाचं नाही. सुरुवातीला उंच शेडला थोडा पत्रा आणि लोखंड जास्त लागेल, तेवढा खर्च करावा असं माझं मत.

दिवसाचा हिशोबही बघा. वर्षाला १०,००० टन म्हणजे सरासरी रोज २७ टन. दीड टनाच्या पिकअपने आला तर १८ गाड्या. वाटतं, एवढंच ना? पण विमान रात्रीचं असेल तर सगळ्या गाड्या दुपारी चार ते सातमध्येच येणार. तासाला सहा गाड्या, एक रिकामी व्हायला पाऊण तास. म्हणजे पाच मालधक्के एकाच वेळी लागतात. आणि ही सरासरी झाली. आंब्याच्या दिवसांत हाच आकडा दुप्पट झाला तर दहा धक्के हवेत. नाहीतर गाड्या उन्हात रांगेत, आणि आंबा पेटीतच पिकायला लागणार.

आणखी एक. माल गोदामात दोन दिवस पडून राहत असेल आणि तो एका दिवसात निघायला लागला, तर काहीही न बांधता गोदाम दुप्पट होतं. कागदपत्रं लवकर होणं, कस्टमचा आणि तपासणीचा माणूस जागेवर असणं, ही विस्ताराचीच कामं आहेत, फक्त त्यांना सिमेंट लागत नाही.

कांदाचाळीसारखं वाढवायचं

कांदाचाळ कशी वाढवतात? रुंदी वाढवत नाहीत, कारण मधला कांदा हवा न लागून सडतो. रुंदी ठरलेली, लांबी वाढवत न्यायची. कार्गो टर्मिनलचंही तसंच. त्याच्या एका लांब बाजूला ट्रक लागतात, समोरच्या लांब बाजूला विमानाकडे जायचा रस्ता. माल एकीकडून शिरतो, तपासणी, बांधणी होऊन दुसरीकडून निघतो. या दोन्ही बाजू कायम मोकळ्या हव्यात. म्हणून वाढायला उरतात फक्त दोन टोकं, म्हणजे आखूड भिंती.

चांगला नकाशा ओळखायची खूण इथेच आहे. टोकाच्या भिंतीला काय चिकटवलंय ते बघायचं. संडास, पंपहाऊस, ट्रान्सफॉर्मर, पाण्याची टाकी, साहेबांचं ऑफिस, यातलं काही वाढायच्या टोकाला बांधलं असेल तर ते टर्मिनल वाढणार नाही. वाढलंच तर आधी हे सगळं पाडून. ही कामं एकाच टोकाला किंवा वरच्या मजल्यावर घ्यायची आणि दुसरं टोक कोरं सोडायचं.

ज्यांनी एमआयडीसीत लोखंडी शेडचं काम केलंय त्यांना पुढचा मुद्दा चटकन कळेल. शेडच्या शेवटच्या भिंतीची फ्रेम बहुतेक वेळा हलकी देतात, कारण तिच्यावर अर्ध्याच गाळ्याच्या छताचा भार असतो. लोखंड वाचतं. पण पुढे गाळा जोडायचा म्हटलं की ती फ्रेम पुरत नाही, ती काढून नवी घालावी लागते. वाढणाऱ्या शेडमध्ये शेवटची फ्रेमही आतल्या फ्रेमइतकीच दणकट घालतात आणि तिच्यावर नुसता पत्रा मारतात. वेळ आली की पत्र्याचे बोल्ट काढायचे, पुढचे गाळे जोडायचे. आतलं काम एक दिवसही थांबत नाही. टेंडरमध्ये या एका ओळीचा फरक असतो.

जमिनीखालीही तेच. केबलसाठी चार पाइप लागत असतील तर आठ टाकायचे, चार रिकामे ठेवायचे. आग विझवायची पाइपलाइन पुढच्या टप्प्याला पुरेल एवढ्या व्यासाची घ्यायची आणि टोकाला व्हॉल्व्ह लावून बंद करायची. पावसाचं पाणी जायचा नाला पहिल्या दिवसापासून पूर्ण टप्प्याच्या मापाचा असावा. शेड वाढलं, काँक्रीट वाढलं की पाणी मुरत नाही, ते शेजारच्या शिवारात शिरतं. विमानतळाला लागून ज्यांची शेती आहे त्यांनी नकाशात आधी हा नाला शोधावा.

आणि विमानाच्या बाजूला? ए३२१ च्या पंखांचा पसारा ३६ मीटर, ७७७ चा ६५ मीटर. शेड विमानाच्या जागेला खेटून बांधलं तर लहान विमान बसेल, मोठं कधीच बसणार नाही. शिवाय धावपट्टीच्या जवळ किती उंच बांधायचं याचे नियम आहेत. मोठ्या धावपट्टीच्या मध्यरेषेपासून १४० मीटर पूर्ण मोकळं, त्यापुढे सात मीटर मागे गेलं की एक मीटर उंची मिळते. १५ मीटर उंच शेड हवं तर मध्यरेषेपासून किमान २४५ मीटर दूर. उभ्या ७७७ ची शेपटी १९ मीटरच्या जवळपास जाते, तिलाही हा नियम लागू. त्यामुळे पहिलं शेड घाईने जवळ बांधलं की पुढची चाळीस वर्षं तीच हद्द होऊन बसते.

आंब्याच्या दिवसांत विमान हलकं का उडतं

आता जरा गोदामाबाहेर येऊ, कारण या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट गोदामात नाहीच.

चिकलठाण्याची धावपट्टी ९,३०० फुटांची आहे, म्हणजे २,८३५ मीटर. ती १२,००० फुटांपर्यंत न्यायची मागणी आहे आणि त्यासाठी चिकलठाणा, मुकुंदवाडी, मूर्तिजापूर भागातली जमीन घेण्याचा विषय कित्येक वर्षं चालू आहे. ९,३०० फूट काय कमी आहे का, असं वाटेल. पण आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून ५८० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, आणि मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. उंची आणि ऊन, दोन्हींनी हवा विरळ होते. समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा आपली मेमधली दुपारची हवा साधारण १४ टक्के विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनही जोर कमी लावतं.

धावपट्टी आखताना यासाठी एक ठोकताळा वापरतात. दर ३०० मीटर उंचीला लांबी ७ टक्के वाढवायची, आणि त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा जेवढे अंश जास्त तेवढे टक्के आणखी वाढवायची. समुद्रकाठी ज्या विमानाला २,००० मीटर पुरतात, त्याला या हिशोबाने आपल्याकडे मे महिन्यात २,९०० मीटर लागतात. म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त! मग विमान उडत नाही का? उडतं, पण माल कमी घेऊन, किंवा कमी इंधन भरून जवळच्या ठिकाणी. नाहीतर रात्री-पहाटे, हवा गार असताना.

गंमत अशी की मराठवाड्याचा केसर आंबा नेमका एप्रिल-मे-जूनमध्ये येतो. ज्या महिन्यांत माल सगळ्यात जास्त, त्याच महिन्यांत विमान सगळ्यात कमी उचलणार. म्हणून आपल्याकडच्या टर्मिनलला रात्रीचं काम धरूनच आखावं लागेल. दिवसभर आलेला माल रात्रीपर्यंत गार ठेवायला शीतगृह हवं, आणि ते पहिल्या टप्प्यातच हवं. बाकीचं पुढे ढकलता येईल, हे नाही.

धावपट्टीच्या टोकांचा विषय निघाला की २६ एप्रिल १९९३ आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ विमान इथून उडताना बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी घेऊन जाणाऱ्या ट्रकला धडकलं. विमानात ११८ जण होते, ५५ जणांचा जीव गेला. चौकशीत वैमानिकांच्या चुकीबरोबरच, विमानाच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नव्हती हेही कारण म्हणून नोंदवलं गेलं. ज्यांना तो दिवस आठवतो, त्यांना धावपट्टीच्या टोकाला मोकळी जमीन कशाला लागते हे वेगळं सांगावं लागत नाही.

काय उडेल, काय नाही

खरं बोलायचं तर आपल्याकडचा बराचसा शेतमाल विमानाने परवडणारा नाही. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मान मोठा आहे, पण मोसंबी जड आणि टिकाऊ, ती ट्रकनेच जावी. कांद्याचंही तेच. विमानाचं भाडं किलोवर लागतं, म्हणून किलोला भाव मोठा आणि नासायची घाई, असा माल विमानाचा. मराठवाडा केसर, सिल्लोड-भोकरदन पट्ट्यातली निर्यातीची हिरवी मिरची, आणि जालन्याचं भाजीपाल्याचं बियाणं. बियाणं तर विमानासाठीच जन्माला आल्यासारखं, वजन कमी नि किंमत भारी. त्यात वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या औषध कंपन्या आणि वाहनांचे सुटे भाग धरले तर टर्मिनलचा रोजचा पाया कारखान्यांच्या मालाचा राहील, आणि शेतमाल त्यावर हंगामी चढेल. हे ऐकायला शेतकऱ्याला बरं वाटणार नाही, पण कारखान्यांचा माल बारा महिने असला तरच विमान रोज येतं, आणि विमान रोज आलं तरच आंब्याला जागा मिळते.

निर्यातीत अजून एक पेच आहे. अमेरिकेला आंबा पाठवायचा तर त्याला विकिरण लागतं, युरोपला गरम पाण्याची प्रक्रिया. २०१४ मध्ये फळमाशीच्या कारणाने युरोपने भारतीय आंब्याला बंदी घातली होती, ती २०१५ च्या जानेवारीत उठली. तेव्हापासून प्रक्रिया आणि तपासणी यांना पर्याय नाही. ही सोय मुंबईजवळ वाशीला आहे. म्हणजे आंबा एकदा वाशीला गेला की तो परत चिकलठाण्याला कशाला येईल? तिथूनच उडेल. टर्मिनलशेजारी प्रक्रिया केंद्रासाठी जागा राखली नाही तर आंब्यापुरतं आपलं टर्मिनल म्हणजे नुसता बोर्ड. ओझरला हॅल आणि कॉन्कॉर यांच्या कार्गो संकुलातून शेळ्या-मेंढ्या विमानाने शारजाला गेल्या. म्हणजे उद्या कोणता माल येईल सांगता येत नाही, आणि जनावरांना चारा-पाणी, डॉक्टर, वेगळं आवार लागतं. रिकामा प्लॉट असेल तर हे सगळं नंतर करता येतं.

समृद्धी महामार्गाचंही दोन्ही बाजूंनी बघावं लागेल. ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्याने नगर-नाशिककडचा माल शेंद्र्याला येऊ शकतो, तसाच आपला माल मुंबईला पळूही शकतो. त्यातच ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यांचा कार्गोचा आराखडा बघा: पहिल्या टप्प्यात वर्षाला ५ लाख टन, शेवटी ३२.५ लाख टन. मुंबईच्या दारात असूनही त्यांनी एकदम सगळं बांधलं नाही, सहावा-सातवा हिस्साच बांधला. मग आपण पहिल्याच दिवशी अवाढव्य शेड बांधून त्यात कबुतरं का पाळायची?

जमीन मात्र पाच वर्षं पडून राहिली तर?

इथे गोष्ट थेट सातबाऱ्याशी येते. इमारत टप्प्याटप्प्याने बांधता येते, पण जमीन टप्प्याटप्प्याने घेता येत नाही, असं नियोजन करणारे म्हणतात, आणि ते खोटं नाही. विमानतळाच्या कुंपणाला लागून एकदा प्लॉटिंग झालं, घरं झाली, की नंतर ती हलवणं म्हणजे दहापट पैसा आणि शंभर कोर्टकेसेस. म्हणून पूर्ण टप्प्याची जमीन आधीच राखा, असं पुस्तकात सांगतात.

पण ज्याची जमीन राखली जाते त्याचं काय? आरक्षण पडलं की गिऱ्हाईक पळतं, बँक कर्जाला हात आखडते, विहीर-पाइपलाइन करावी की नाही हे कळत नाही. नागपूरला मिहानसाठी शिवणगावच्या लोकांची जमीन गेली, त्यांचा पुनर्वसनाचा झगडा वर्षानुवर्षं चालला. जमीन लवकर गेली, स्वप्नातली विमानं सावकाश आली.

केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम १०१ आहे. त्यात म्हटलंय की ताबा घेतल्यापासून पाच वर्षं जमीन वापरली नाही तर ती मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत द्यावी, नाहीतर सरकारच्या लँड बँकेत जावी. "किंवा" या शब्दातच सगळी मेख आहे, कारण परत मिळेलच असं नाही. म्हणून ताबा देताना कुठला गट नंबर कुठल्या टप्प्यात, आणि तो टप्पा कधी सुरू होणार, हे कागदावर मागून घ्यावं.

टप्पा कधी सुरू करायचा याचीही खूण आधी ठरवता येते. लग्नाची तारीख नाही, ज्वारीचं कणीस बघून ठरवायचं. गोदाम सलग दोन वर्षं ७५-८० टक्के भरलेलं राहिलं की पुढच्या गाळ्यांचं काम काढायचं, कारण टेंडर आणि बांधकाम यात दीड-दोन वर्षं जातातच आणि तोवर उरलेलं गोदाम भरतं. अशी खूण आराखड्यात लिहिलेली असेल तर निवडणुकीच्या आधी घाईने नारळ फुटत नाही, आणि माल तुंबल्यावर "प्रस्ताव पाठवलाय" हे उत्तरही ऐकावं लागत नाही.

नकाशा हरकतींसाठी लावला जाईल तेव्हा मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. त्यात चार गोष्टी शोधा: कोरी सोडलेली टोकाची भिंत, शीतगृह पहिल्या टप्प्यात आहे का, पावसाच्या पाण्याचा नाला कुठे सोडलाय, आणि तुटक रेषेने दाखवलेल्या पुढच्या टप्प्यात आपला गट नंबर येतो का. हरकत लेखी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.